ओळख पटविल्यावाचून शिक्षा

गेल्या फाल्गुनात अंत्रुज महालातील एका देवस्थानाच्या बागेत एक शिक्षा अमलात आणली गेली. आरोपीस नोटीस नव्हती, त्याची ओळख पटविलेली नव्हती, साक्षीपुरावा घेतलेला नव्हता. रात्रीच्या आरतीनंतर रॉकेलात भिजविलेली चूड घेऊन एक मनुष्य आला आणि अग्रशाळेच्या मागील भिंतीतील भेगेला त्याने जाळ लावला. दुसऱ्या दिवशी बागेत विषारी औषधाची फवारणी झाली. आठवडा उलटण्यापूर्वी कोपऱ्यातील वाळक्या बांबूंचा ढीग व आंब्याचे जुने पडके खोड जाळण्यात आले, आणि तुळशीवृंदावनामागील उघड्या मातीवर सिमेंटच्या फरश्या बसल्या. देवस्थानाच्या दप्तरात या सर्व कृत्यांस 'बागेची स्वच्छता व भाविकांची सुरक्षितता' असे नाव आहे. ठरावाखाली सात सह्या आहेत. त्या सातांपैकी एक आमची आहे.

हे आरंभीच सांगून टाकणे बरे. पुढे जे कठोर शब्द येणार आहेत ते परक्याच्या अंगणात भिरकावण्यासाठी नव्हेत. त्यांचा पहिला मार आमच्याच पाठीवर पडावा, हे न्याय्य आहे.

घडले ते असे. दर्शनास आलेल्या एका कुटुंबातील आठ वर्षांच्या मुलास बागेच्या बाजूस कपाळावर माशी चावली. कपाळ सुजले, मूल रडले, आई घाबरली. तिचे घाबरणे रास्तच होते. संध्याकाळी समितीची बैठक भरली. "बागेत माश्या फार माजल्या आहेत," असे एकाने म्हटले. "अग्रशाळेच्या भिंतीत मोहोळच आहे," असे दुसऱ्याने सांगितले. "उद्या कुणी दगावले तर उत्तर कोण देणार?" असा तिसऱ्याने प्रश्न केला, आणि या प्रश्नापुढे सर्वांची विचारशक्ती संपली. दहा मिनिटांत ठराव झाला. आम्ही व्यवसायाने वकील. ज्याच्यावर आरोप आहे तो कोण, एवढा एकच प्रश्न विचारणे हे आमचे काम होते, आणि तेवढेच आम्ही केले नाही. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, त्या प्रश्नाचे उत्तर त्या घटकेस आमच्या खिशातील मोबाइलमध्ये होते.

ते तेथे कसे आले, हे सांगितले पाहिजे. आमच्या धाकट्या कन्येस माश्यांची छायाचित्रे घेण्याचा नाद आहे. दिवाळीच्या सुटीत वडोदऱ्यास आप्तांकडे गेलो असता सयाजीबागेत ती एका कुंपणापाशी तासभर खिळून राहिली. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी वसविलेली ती बाग आम्हांस पाहावयाची होती, आणि ही मुलगी एका काटकीपुढे उभी! आम्ही रागावलो. तिने न बोलता कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर चित्र दाखविले. तळहाताएवढे एकच पोळे काटकीभोवती बसलेले, आणि त्यावर फुलोरी माश्यांची एकावर एक चढलेली दाट चादर. आमच्या हातापासून ते पोळे दोन वितींवर होते, आणि आम्ही ते पाहिलेले नव्हते. त्या दिवसापासून ज्या गावी जाऊ तेथील बागेत तिच्यामागे पिशवी घेऊन हिंडणे हे आमचे रविवारचे काम झाले. आमच्या देवळाच्या बागेत शिक्षेपूर्वीच्या दोन रविवारी तिने जी चित्रे घेतली, ती आमच्या मोबाइलमध्येही उतरवून ठेवलेली होती.

त्या चित्रांत कोण कोण होते, ते आता आरोपपत्रासारखे क्रमवार मांडतो.

पहिली, तुळशीच्या मंजिऱ्यांवर येणारी निळ्या पट्ट्यांची माशी. काळ्या पोटावर मोरपिशी निळे पट्टे, पाठीवर तांबूस लव, आणि उडण्याची रीत अशी की एका मंजिरीपुढे क्षणभर हवेत स्थिर, आणि दुसऱ्या क्षणी हातभर दूर. सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र घेतले तरच तिचे पंख दिसतात. ही पोळे बांधीत नाही. मादी एकटी उघड्या मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते, परागाची शिदोरी ठेवते आणि तीवर अंडे घालते. संध्याकाळी याच जातीचे नर वाळक्या काड्यांना जबड्याने धरून रांगेत झोपतात. आमच्या कन्येने पहाटे घेतलेल्या एका चित्रात असे सहा जण एका दर्भाच्या काडीवर दवाने भिजून झोपलेले आहेत. या नरांस नांगी नसते. नांगी म्हणजे अंडे घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप असल्यामुळे कोणत्याही माशीच्या नरास ती असू शकत नाही.

दुसरी, गुलाबाची पाने कातरणारी. देवाच्या गुलाबांच्या पानांना कडेला कात्रीने कापल्यासारखी गोल भोके पडतात, ती हिची. माळी त्यास रोग समजतो आणि औषध मारतो. वस्तुतः पानाचे तुकडे नेऊन ती पोकळ काडीत आपल्या पिलांसाठी एकामागे एक डब्या बनविते. गुलाबाचे त्यात फारसे काही बिघडत नाही. हिची ओळख चित्रातच पटते. इतर पुष्कळ माश्या पराग पायांवर वाहतात, ही पोटाच्या खालच्या बाजूस वाहते, आणि त्यामुळे तिचे पोट हळदीने माखल्यासारखे दिसते.

तिसरा, वाळक्या बांबूत राहणारा काळा भुंगा, ज्याच्या पंखांवर ऊन पडले की जांभळी झाक येते. चौथी, निळ्या पट्टेवालीच्या बिळात चोरून अंडे घालणारी, अंगावर आकाशी ठिपके असलेली परोपजीवी माशी. पाचवी तर मधमाशीच नव्हे. दोनच पंख, टपोरे डोळे आणि आखूड मिशा असलेली ती एक निरुपद्रवी फूलमाशी, जी केवळ मधमाशीचे सोंग घेऊन शत्रूस भिवविते. मधमाशीस चार पंख असतात. डोळ्यांस हा फरक कळत नाही, चित्रात मोजून घेता येतो.

आणि सहावी, जी मुख्य आरोपी ठरली. अग्रशाळेच्या भिंतीतील भेगेतून राळेची व मेणाची एक बोटभर नळी बाहेर आली होती, आणि तिच्या तोंडाशी तिळाहून थोड्या मोठ्या काळ्या माश्या पहारा देत बसल्या होत्या. ही पोयाची माशी. हिला नांगी नसते. फार तर ती केसांत शिरेल आणि कातडीस चिमटा घेईल. जगाच्या आरंभापासून हिने कोणत्याही मुलाचे कपाळ सुजविलेले नाही, आणि तिच्या घरास आम्ही सात जणांच्या सहीने आग लावली.

मग मुलास चावले कोण? शिक्षा झाल्यानंतरच्या सोमवारी देवाला फुले पुरविणाऱ्या वृद्ध बाई आम्हांस बागेत भेटल्या. जळक्या भिंतीकडे पाहून त्या म्हणाल्या, "वकीलबाब, ती कोणाक चाबना." एवढे म्हणून त्यांनी बागेच्या टोकास असलेल्या शौचालयाच्या पागोळीकडे बोट केले. तेथे कागदासारख्या राखी वस्तूचे, खालून उघड्या घरांचे एक पोळे लोंबत होते, आणि त्यावर बारीक कमरेच्या, गुळगुळीत अंगाच्या गांधीलमाश्या बसल्या होत्या. मूल हात धुवावयास तेथेच गेले होते. आम्ही त्याही पोळ्याचे छायाचित्र घेतले. फवारणी झाली, जाळपोळ झाली, फरश्या बसल्या, पण खरा आरोपी होता तेथेच सुखरूप होता. त्या बाईंना कुणी विचारले नव्हते. समितीच्या बैठकीस फुले पुरविणारीस आसन नसते.

शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आम्ही वकील मंडळी व्याख्यानांतून घोळवून घोळवून सांगतो. येथे अपराधी सुटला आणि निरपराध्यांच्या सहा जातींस शिक्षा झाली. कारण एकच. आमच्या समितीच्या शब्दकोशात 'माशी' हा एकच शब्द होता. जगात मधमाश्यांच्या वर्गातील २०,००० हून अधिक जाती आहेत आणि भारतात ७०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील बहुसंख्य जाती मध साठवीत नाहीत, पोळे बांधीत नाहीत, एकएकट्या राहतात आणि कुणाच्या वाटेस जात नाहीत. या सर्वांस एका शब्दात कोंबून त्या शब्दास फाशी देणे हा न्याय नव्हे, आणि त्यास स्वच्छता म्हणणे हे अज्ञानाचे गोंडस नाव आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. देवळाच्या बागेत चूड नेण्यापूर्वी कॅमेरा नेला पाहिजे. ज्याचे चित्र घेतले नाही, ज्याची ओळख पटली नाही, त्यास शिक्षा देण्याचा अधिकार कोणत्याही महाजनमंडळास नाही.

यावर जे आक्षेप येतात ते आम्ही समितीत ऐकले आहेत. त्यांस उत्तर देणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप पावित्र्याचा. देवळात छायाचित्र घेण्यास मनाई असते, मग बागेत मुभा कशी? गर्भगृहातील मनाई आम्हांस मान्य आहे. देव हा पाहण्याचा विषय आहे, पकडण्याचा नव्हे. परंतु बाग म्हणजे गर्भगृह नव्हे. ज्या बागेत विषाची फवारणी चालते, जेथे लग्नाच्या वऱ्हाडाचे फोटो तुळशीला टेकून काढले जातात, तेथे एका मुलीने तुळशीवरील माशीचे चित्र घेतले तर पावित्र्य भंगते, हे कोणत्या शास्त्रात आहे, ते आम्हांस दाखवावे.

दुसरा आक्षेप, हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा नाद आहे. पाच-दहा वर्षांपूर्वी हे काही अंशी खरे होते. आज जो मोबाइल प्रत्येक महाजनाच्या खिशात आहे आणि ज्यावर बैठक चालू असताना क्रिकेटचा धावफलक पाहिला जातो, तोच या कामास पुष्कळसा पुरतो. सकाळी ऊन तापण्यापूर्वी जावे. गारव्यात माश्या मंद असतात. आपली सावली फुलावर पडू देऊ नये. एकाच माशीची तीन चित्रे घ्यावीत: समोरून चेहऱ्याचे, बाजूने पायांचे व पोटाचे, वरून पंखांचे. कोणत्या झाडावर बसली ते झाड ओळखू येईल असे चौथे चित्र घ्यावे. तारीख व वेळ यंत्र आपोआप नोंदविते. एवढ्याने जात नेहमीच कळते असे नाही. पुष्कळ जाती सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावाचून तज्ज्ञांनाही सांगता येत नाहीत. परंतु ही नांगीवाली की बिननांगीची, पोळ्यातील की एकटी, मधमाशी की गांधील, एवढे चित्रावरून सांगता येते, आणि समितीस ठराव करण्यापूर्वी एवढेच कळावयास हवे होते.

कायद्यासही अशा पुराव्याचे वावडे नाही. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, आणि यंत्रात साठविलेले चित्र विहित प्रमाणपत्रासह न्यायालयासही ग्राह्य आहे. जे न्यायालयास चालते ते देवस्थान समितीस का चालू नये?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्याची थट्टा करणे आम्हांस शोभणार नाही. आग्या मोहोळाच्या हल्ल्याने माणसे मेली आहेत. शिखरावर, दीपस्तंभावर किंवा वडाच्या फांदीस हातभर रुंद मोहोळ लागले असता त्याखाली फटाके वाजविणे आणि हवनाचा धूर करणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. परंतु हाच आक्षेप आमच्या बाजूचा आहे! आग्या कोणता आणि पोया कोणती हे ज्यास कळत नाही, तो आग्याखाली निष्काळजीपणे फटाके लावतो आणि पोयाच्या घरास आग लावतो. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लटकाविते, ऋतूप्रमाणे येते आणि फुलांचा बहर संपला की आपण होऊन निघून जाते. पुष्कळदा पुढील वर्षी त्याच झाडावर वा त्याच इमारतीवर परत येते. ज्या देवस्थानाने दूरवरून तिची चित्रे तारखांसह राखली असतील, त्यास ती केव्हा येते आणि केव्हा जाते हे ठाऊक असेल. तेवढे दिवस दोर बांधून लोकांस दूर ठेवता येईल, फटाक्यांची जागा बदलता येईल, आणि अगदीच धोका असला तर जाणकाराकडून मोहोळ हलविता येईल. रात्री चूड लावणे हा उपाय सोपा आहे म्हणून तो एकमेव उपाय ठरत नाही.

आता आमच्या धर्मबंधूंस थोडे त्यांच्याच भाषेत विचारतो. गोमंतकात गावोगाव सातेरी देवीचे स्थान आहे, आणि तिचे रूप म्हणजे वारूळ. भिंतीच्या वा झाडाच्या पोकळीत समांतर पोळी बांधणाऱ्या आपल्या देशी मधमाशीसही मराठीत सातेरीच म्हणतात. नामसादृश्यावरून नाते सिद्ध होत नाही, हे वकील या नात्याने आम्ही जाणतो, आणि तसा दावाही करीत नाही. परंतु ज्या समाजाने मातीच्या ढिगातील जीवसृष्टीपुढे हात जोडले, त्याच समाजाने देवळामागील मातीची बिळे सिमेंटने बुजवावी, यात काही विसंगती आहे की नाही? देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात अरुण नामक असुराच्या पारिपत्यासाठी आपण भ्रमररूप घेऊ असे देवी सांगते, आणि म्हणून ती भ्रामरी. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे. मधावाचून आमचे पंचामृत होत नाही. नवरात्रात आम्ही हे सर्व ऐकतो, आणि शिमग्यात चूड घेऊन निघतो.

याहून एक गोष्ट आम्हांस अधिक खटकते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, अर्जुनाच्या मोहाचे वर्णन करताना, कोरडे लाकूड लीलया पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा दृष्टान्त आहे. आम्ही तो लहानपणापासून ऐकला आणि भ्रमर म्हणजे कोणतीतरी काव्यातील माशी असे समजून सोडून दिला. परंतु लाकूड पोखरणारा भ्रमर म्हणजे कोण? तोच, आमच्या बागेतील वाळक्या बांबूंत राहणारा काळा भुंगा! आमच्या कन्येच्या एका चित्रात बांबूस पाडलेले पैशाएवढे वाटोळे भोक, त्याखाली सांडलेला भुसा आणि भोकातून बाहेर डोकावणारे काळे डोके स्पष्ट दिसते. १२९० साली पूर्ण झालेल्या ग्रंथात ज्याची नेमकी करणी नोंदलेली आहे, त्यास आम्ही सातशे वर्षांनंतर ओळखू शकलो नाही आणि बांबूंसह जाळून मोकळे झालो. ज्ञानदेवांजवळ कॅमेरा नव्हता. पण त्यांनी पाहिले होते. आमच्याजवळ दोन्ही आहे, कॅमेरा आणि ज्ञानेश्वरीची पोथी, आणि आम्ही पाहत नाही.

कुणी म्हणेल, दृष्टान्त राहू द्या, या जीवांचा उपयोग काय? उपयोगाची भाषा आम्हांस फारशी आवडत नाही. परंतु तीही बोलू. वांग्याच्या फुलातील परागकोश बाजूने उकलत नाहीत, त्यांच्या शेंड्यास केवळ बारीक छिद्रे असतात. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा काळा भुंगा त्या फुलास घट्ट धरतो, पंख न हलविता अंगाचे स्नायू थरथरवितो, आणि त्या गुंजनाने पराग छिद्रांतून पिठासारखा उडतो. टोमॅटोचेही तसेच. वाऱ्याने थोडेफार काम होते. पण हे गुंजन मध देणाऱ्या माश्यांस साधत नाही. तेव्हा आगशीच्या वांग्याचे भरीत ज्यांस प्रिय आहे, त्यांनी भुंग्याचे थोडे ऋण मानावयास हरकत नाही.

येथेच दुसऱ्या एका मूढपणाविषयी बोलले पाहिजे. जाळपोळीची चर्चा होऊ लागताच एका सद्गृहस्थांनी प्रायश्चित्त म्हणून बागेत इटालियन मधमाश्यांच्या दहा पेट्या दान करण्याची इच्छा प्रकट केली. हेतू चांगला, उपाय चुकीचा. ही युरोपातील माशी १९६२ च्या सुमारास पंजाबच्या बाजूने आपल्या देशात स्थिरावली, मधाच्या धंद्यास ती उपयोगी आहे, आणि ज्यांनी धंदा करावयाचा त्यांनी अवश्य करावा. परंतु लहानशा बागेत तिच्या दहा पेट्या म्हणजे त्याच मूठभर फुलांवर हजारो नवी तोंडे. ती भिंतीतील पोयाची जागा भरून काढीत नाही, वांग्याच्या फुलाशी गुंजन करीत नाही, मातीतील बीळ परत आणीत नाही. आपल्या सातेरीवर संकटे काय कमी आली? १९९१-९२ साली 'थाई सॅकब्रूड' या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील तिच्या वसाहतींचा फार मोठा भाग नष्ट केला होता. आणि अजून तिच्याविषयीचे आमचे ज्ञान किती अपुरे आहे पाहा. पश्चिम घाटातील काळसर सातेरीस 'एपिस करिंजोडियन' हे स्वतंत्र जातीचे नाव काही संशोधकांनी दिले ते २०२२ साली, आणि तिच्या प्रदेशात त्यांनी गोवाही धरला आहे. जी आमच्याच घराच्या भिंतीत असू शकेल तिचे नाव आम्हांस ठाऊक नाही, आणि दान करावयास निघालो ते परदेशी पेट्यांचे!

छायाचित्रकारांसही आम्ही मोकळे सोडणार नाही. माशी हलू नये म्हणून तिला शीतपेटीत गारठवून फुलावर ठेवणारे, चित्र सुंदर यावे म्हणून पूजेच्या कळ्या खुडून मांडणारे, बिळाच्या तोंडाशी दिव्याचा झोत सोडणारे आणि 'माझे चित्र, माझे बक्षीस' एवढ्यातच कृतार्थ होणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ज्या चित्रात स्थळ नाही, तारीख नाही, झाड नाही, आणि जे घेताना जीवास उपद्रव झाला, ते चित्र पुराव्याच्या कामाचे नाही. ते भिंतीवर टांगण्याच्या कामाचे आहे. आम्ही ज्याचा पुरस्कार करतो तो निराळा नाद आहे. त्यात वाट पाहावी लागते, गुडघे मातीत टेकावे लागतात, आणि शंभरांपैकी नव्वद चित्रे अस्पष्ट निघतात. देवळात येणाऱ्यास गुडघे टेकण्याचा कमीपणा वाटू नये.

टीका पुष्कळ झाली. वकिलाने शेवटी मागणी मांडली पाहिजे. १९३३ सालच्या नियमावलीखाली चालणाऱ्या आमच्या देवस्थानांत महाजनांच्या सभेस बागेविषयी निर्णय घेण्यापासून कुणी रोखलेले नाही. म्हणून येत्या सभेत आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत, आणि बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आमच्या वाचकांनी आपापल्या देवळांत तो थोडाफार बदलून मांडावा, अशी विनंती आहे.

एक, बागेतील कोणत्याही पोळ्यास, बिळास वा मोहोळास छायाचित्राने ओळख पटविल्यावाचून आणि ती ओळख जाणकारास दाखविल्यावाचून हात लावू नये. दोन, चूड व सरसकट फवारणी बंद करावी. धोक्याच्या जागचे पोळे, मग ते गांधीलमाशीचे का असेना, शक्य तेथे हलवावे. गांधीलमाशीही बागेतील अळ्या मारून आपले काम करीतच असते. तीन, निदान एक कोपरा उघड्या मातीचा, एक ढीग वाळक्या बांबूंचा व एक पडके खोड जागच्या जागी राहू द्यावे. चार, शाळकरी मुलांस रविवारी सकाळी बागेत माश्यांची चित्रे घेण्याची मुभा असावी, आणि ती चित्रे तारीख, वेळ व झाडाच्या नावासह वहीत नोंदवावीत. पाच, या वहीची एक प्रत पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली अशी समिती प्रत्येक स्थानिक संस्थेने स्थापावयाची आहे, आणि लोकांनी केलेल्या नोंदींवाचून तिची नोंदवही कोरी राहते. सहा, फुले पुरविणाऱ्यांपैकी व माळ्यांपैकी एकास बागेविषयीच्या बैठकीस बोलवावे आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहावे.

या ठरावास एक पैशाचा खर्च नाही. फरश्यांस झाला होता.

भिंतीची भेग चुन्याने बुजविली आहे. तेथे पोया परत आलेली नाही, आणि येईल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. तुळशीवर मात्र गेल्या रविवारी एक निळ्या पट्ट्यांची माशी दिसली. फरश्यांच्या दोन ओळींमधील सांध्यात बोटभर माती उघडी राहिली आहे, तेथे ती उतरताना आमच्या कन्येने तिचे चित्र घेतले. ते चित्र आम्ही ठरावासोबत जोडणार आहोत.

सुज्ञांस अधिक सांगणे न लगे, असे म्हणून लेख संपविण्याची रीत आहे. परंतु त्या बैठकीत आम्ही सातही जण सुज्ञच होतो. म्हणून इतके अधिक सांगावे लागले.